रोहिणी सालियन कोणाच्या वकील होत्या?

३१ जुलै २०२५, गुरुवार. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत सगळ्यांच्या हातात मोबाईल होते. मालेगावच्या २००८ सालच्या बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल लागला होता. सातही आरोपी निर्दोष. कोणी फारसे बोलले नाही. एकाने डबा उघडला आणि तसाच बंद केला. पुढचा तास माझा नववीत मराठीचा होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मुले मराठी शिकतात ती दुसरी भाषा म्हणून. पण त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलाने अगदी शुद्ध मराठीत विचारले, "सर, सरकारी वकील हरला म्हणजे सरकार हरलं ना? मग टीव्हीवर सरकारवाले खूश का आहेत?"

मी त्याला काहीतरी थातुरमातुर सांगून धडा पुढे नेला. हा लेख म्हणजे त्या उत्तराची भरपाई आहे असे समजा.

भाषेचा मास्तर असल्यामुळे माझे डोके आधी शब्दांकडे जाते. मराठी कोर्टाची निम्मी भाषा अरबी-फारसीतून आली आहे. फिर्याद, जामीन, हजर, जबाब, मुद्देमाल, कैद. 'वकील' हा शब्दही अरबी. ज्याच्यावर आपण आपले काम सोपवतो, भरवसा टाकतो, तो वकील. अल्-वकील हे अल्लाहच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक आहे, हे आपल्या घरातल्या लहान मुलांनाही पाठ असते. मग 'सरकारी वकील' या जोडशब्दात कोणी कोणावर काय सोपवले आहे? आणि दुसरा शब्द, फितूर. उर्दूत फुतूर म्हणजे बिघाड, डोक्यातले खूळ. मराठीत मात्र तो शत्रूला जाऊन मिळालेल्या माणसासाठी आला आणि कोर्टात जबाब फिरवणाऱ्या साक्षीदाराला चिकटला. या दोन शब्दांमध्ये रोहिणी सालियन यांची बरीचशी कारकीर्द सामावलेली आहे.

आपल्या समाजात हे नाव लोकांना ठाऊक झाले ते २०१५ च्या जून महिन्यात. त्याआधी मुंबईच्या सत्र न्यायालयात सरकारी वकील आणि पुढे मुख्य सरकारी वकील म्हणून त्या कैक वर्षे उभ्या राहिल्या होत्या. हे न्यायालय फोर्टात, जुन्या सचिवालयाच्या दगडी इमारतीत भरते. उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर तिथून हाकेच्या अंतरावर. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही इमारती एकाच कुटुंबातल्या वाटतात. जे. जे. रुग्णालयातला १९९२ चा गोळीबार, बोरिवलीचे दुहेरी खून प्रकरण, भरत शहा खटला, मुलुंड स्फोट खटला, ही त्यांच्या नावावरची मोठी प्रकरणे. पण माझ्या माहितीतल्या दहापैकी नऊ जणांना त्यांचे एकच प्रकरण माहीत आहे. मलाही २०१५ पर्यंत त्यांचे नाव नीटसे माहीत नव्हते, हे इथे कबूल करतो.

आधी सरकारी वकिलाचे काम काय ते पाहू. त्याशिवाय पुढचे कळणार नाही. खून, दरोडा, बॉम्बस्फोट असे गुन्हे कायद्याच्या नजरेत एका माणसाविरुद्ध नसतात, ते सगळ्या समाजाविरुद्ध असतात. म्हणून सत्र न्यायालयात असा खटला सरकारी वकिलानेच चालवायचा, असा १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचा नियम होता. २०२४ पासून नवी संहिता आली तरी हे तत्त्व तेच आहे. ज्याचा मुलगा मेला त्या बापाने स्वतःचा वकील दिला, तरी तो वकील सरकारी वकिलाच्या सांगण्याप्रमाणेच काम करू शकतो. म्हणजे मेलेल्या माणसाची बाजू कोर्टात मांडायला सरकारी वकिलाखेरीज दुसरे कोणी नाही. त्याच वेळी तो पोलिसांचाही नोकर नाही. १९९४ साली हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या टाडाखालच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितले आहे. सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नव्हे. तो स्वतंत्र अधिकारी आहे आणि पोलिसांनी पुढे केलेला कागद त्याने स्वतःचे डोके वापरून तपासला पाहिजे. विशेष सरकारी वकील व्हायला किमान दहा वर्षांची वकिली लागते, ती याचसाठी. नुसता शिक्का मारायला दहा वर्षांचा अनुभव कशाला हवा?

कागदावर हे सगळे छान आहे. अडचण अशी की त्याची नेमणूक सरकार करते, त्याचे बिल सरकार मंजूर करते आणि त्याला काढणारेही सरकारच. १९९० साली उत्तर प्रदेश सरकारने एका परिपत्रकाने राज्यातले झाडून सगळे सरकारी वकील घरी पाठवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. पण ज्याच्या हातात नेमणूक आहे त्याच्या हातात काय काय असते, हे शाळेत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आता भरत शहा खटला. हिऱ्यांचे व्यापारी आणि हिंदी सिनेमाला पैसा पुरवणारे मोठे नाव. जानेवारी २००१ मध्ये त्यांना अटक झाली. 'चोरी चोरी चुपके चुपके' या सिनेमामागे छोटा शकीलचा पैसा असल्याचा आरोप होता, मोक्का लागला होता आणि पुराव्यात टेलिफोनवरची ध्वनिमुद्रित संभाषणे होती. सालियन बाई सरकारतर्फे उभ्या. खटला सुरू झाला आणि ज्यांनी पोलिसांना जबाब दिले होते ते सिनेमावाले एकामागून एक साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन मागे फिरले. मोठमोठे नायक फितूर. टिकली ती एक प्रीती झिंटा. तिने बंद दाराआड साक्ष दिली आणि आपला जबाब बदलला नाही. २००३ मध्ये निकाल लागला तेव्हा शहा मोक्काच्या आरोपातून सुटले. माहिती दडवल्याबद्दल त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली आणि ती त्यांनी आधीच तुरुंगात भोगून झाली होती. निर्माता नाझिम रिझवी आणि त्याच्या साथीदाराला सहा वर्षे. हा विजय म्हणायचा की पराजय? वर्तमानपत्रांनी पराजय म्हटले. मला वाटते, सरकारी वकिलाचे काम या हिशेबात बसतच नाही. हाती आलेला पुरावा पूर्णपणे कोर्टापुढे ठेवायचा, ठरवायचे न्यायाधीशांनी.

मुलुंडचा खटला आपल्या लोकांना अजिबात आठवत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ६ डिसेंबर २००२ रोजी मुंबई सेंट्रलला, २७ जानेवारी २००३ रोजी विलेपार्ल्यात आणि १३ मार्च २००३ रोजी मुलुंड स्थानकात येणाऱ्या लोकलच्या डब्यात स्फोट झाले. मुलुंडला दहाहून अधिक माणसे गेली. सगळी संध्याकाळची घरी परतणारी. आरोपी मुसलमान. कायदा पोटा. पोटा २००४ मध्ये रद्द झाला, पण त्याखाली आधी दाखल झालेले खटले चालूच राहिले आणि हा तर मार्च २०१६ पर्यंत चालला. दहा जण दोषी ठरले, तिघे सुटले. काहींना जन्मठेप झाली. विशेष सरकारी वकील होत्या रोहिणी सालियन.

तारीख पुन्हा पाहा. मार्च २०१६. म्हणजे उर्दू वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापल्यानंतर आणि आपल्या मोहल्ल्यांत त्यांच्या नावाने दुआ मागून झाल्यानंतर नऊ महिन्यांनी त्याच बाई पोटाखाली मुसलमान आरोपींना दोषी ठरवून घेत होत्या. मी पोटाचा चाहता नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो तो कायदा मला धोकादायक वाटतो. टाडात तेच होते, मोक्कातही तेच आहे. पण म्हणूनच एक प्रश्न मी स्वतःला विचारतो. मालेगावच्या आरोपींवर मोक्का टिकावा म्हणून आपण अंगावर काटा आणून वाट पाहत होतो, तेव्हा हा कायदा आपल्याला धोकादायक वाटत नव्हता का? माझ्याकडे याचे सोयीचे उत्तर नाही.

मालेगावची रात्र २९ सप्टेंबर २००८ ची. रमजान संपत आला होता, ईद तीन दिवसांवर. दुसऱ्या दिवसापासून नवरात्र. साडेनऊच्या सुमाराला भिक्कू चौकाजवळ खरेदीची गर्दी होती. मालेगावातल्या यंत्रमाग कामगाराला हातात पैसा येतो तो याच दिवसांत, त्यामुळे घरची सगळी, लेकरांसकट, रस्त्यावर. स्फोट झाला. सहा जण मेले, शंभराच्या आसपास जखमी झाले.

दोन वर्षांपूर्वी, ८ सप्टेंबर २००६ रोजी, शबे-बरातच्या दिवशी याच गावात बड्या कब्रस्तानाजवळ स्फोट झाले होते आणि एटीएसने मुसलमान तरुणांनाच पकडले होते. ती पोरे पाच वर्षे आत राहिली आणि एप्रिल २०१६ मध्ये आरोपमुक्त झाली. म्हणून २००८ मध्येही मालेगाव पोलिसांकडे त्याच भीतीने पाहत होते. या वेळी एटीएसचे प्रमुख हेमंत करकरे होते. तपास वेगळ्या दिशेने गेला. प्रज्ञासिंह ठाकूर, लष्करी अधिकारी प्रसाद पुरोहित आणि इतरांना अटक झाली. २६ नोव्हेंबरच्या रात्री करकरे मारले गेले. आरोपपत्र त्यांच्या पश्चात, जानेवारी २००९ मध्ये दाखल झाले. सरकारतर्फे सालियन.

पहिली लढाई मोक्काचीच झाली. ३१ जुलै २००९ रोजी विशेष न्यायालयाने मोक्का काढून टाकला. सरकार उच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०१० मध्ये मोक्का परत लागला. २०११ मध्ये खटला एनआयएकडे गेला, वकील त्याच राहिल्या. जामिनाचे अर्ज येत होते, फेटाळले जात होते. एप्रिल २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोक्का लागू होण्याबद्दल प्रथमदर्शनी शंका व्यक्त केली आणि जामिनाचा विचार नव्याने करायला सांगितले.

आणि मग जून २०१५. सालियन यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'ला सांगितले की दिल्लीत सरकार बदलल्यानंतर एनआयएचा एक अधिकारी त्यांना भेटला. फोनवर बोलायचे नाही म्हणून प्रत्यक्ष येऊन भेटला. निरोप असा होता की आरोपींच्या बाबतीत नरमाईने घ्या. पुढे १२ जूनला, एका नेहमीच्या सुनावणीआधी, तोच अधिकारी म्हणाला की वरिष्ठांची इच्छा आहे की तुम्ही उभे राहू नये, दुसरे वकील येतील. या निरोपाचा अर्थ बाईंनी सरळ लावला. आपल्या बाजूने निकाल लागू नये अशीच ही इच्छा आहे. एनआयएने हे सगळे नाकारले. ऑक्टोबरमध्ये बाईंनी प्रतिज्ञापत्र करून त्या अधिकाऱ्याचे नावही लिहून दिले.

त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली होती, तिची चर्चा फार झाली नाही. एनआयएने आपल्याला या प्रकरणातून रीतसर मोकळे करावे, म्हणजे आपण दुसरे खटले घ्यायला मोकळ्या होऊ, गरज पडल्यास एनआयएच्या विरुद्धसुद्धा. त्यांनी ना रडगाणे गायले, ना हौतात्म्याचा आव आणला. कामाचा हिशेब मिटवा, मला पुढचे काम घ्यायचे आहे, एवढेच. मला त्या बाईंबद्दल खरा आदर वाटला तो इथे.

त्याच वर्षी, तीन महिने आधी, मुंबईच्या दुसऱ्या नामांकित सरकारी वकिलाने एक कबुली दिली होती. उज्ज्वल निकम यांनी जाहीरपणे सांगितले की कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितली ही गोष्ट त्यांनीच रचली होती, कारण कसाबविषयी भावुक वातावरण तयार होत होते आणि ते त्यांना मोडायचे होते. निकम यांनी १९९३ च्या स्फोटांपासून कसाबपर्यंत मोठे खटले चालवले, त्यांची हुशारी कोणी नाकारणार नाही. कसाबच्या गुन्ह्याबद्दलही कोणाला शंका नाही. पण ती बिर्याणी त्यानंतर कित्येक वर्षे आपल्या ताटात वाढली गेली. आमच्या शाळेत सहलीला डबे उघडले तरी कोणीतरी तो विनोद करायचा. निकम २०२४ मध्ये भाजपकडून लोकसभेला उभे राहिले, पडले, आणि जुलै २०२५ मध्ये राज्यसभेवर नेमले गेले. सालियन यांच्या वाट्याला असे काही आले नाही. दोघेही एकाच शहरातले सरकारी वकील.

पुढचे भराभर सांगतो. १३ मे २०१६ रोजी एनआयएने पुरवणी आरोपपत्र दिले. त्यात मोक्का नव्हता आणि प्रज्ञासिंह यांच्यासह काही जणांवर खटला चालवण्याइतका पुरावा नाही असे म्हटले होते. मोक्का गेला की त्याखाली घेतलेल्या कबुलीजबाबांची किंमत शून्य होते. दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलेले काही साक्षीदारांचे मूळ जबाब कोर्टाच्या दप्तरातून गहाळ झाल्याचेही त्याच वर्षी पुढे आले. तरी डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने प्रज्ञासिंह यांना मोकळे करायला नकार दिला आणि सात जणांवर यूएपीएखाली खटला चालवायचे ठरवले. मुलगा गमावलेला मालेगावचा एक बाप या सगळ्या वर्षांत जामिनाला विरोध करायला स्वतःचा वकील घेऊन कोर्टात येत राहिला. ज्याची बाजू मांडायला कायद्याने सरकारी वकील दिला आहे, त्याला असे यावे लागले. ३२३ साक्षीदार तपासले गेले, तीसहून अधिक फितूर झाले. मधल्या काळात एक आरोपी भोपाळहून खासदार झाली.

निकालपत्राने काय सांगितले तेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. स्फोट झाला हे सिद्ध झाले. पण बॉम्ब त्या मोटारसायकलमध्येच होता हे सिद्ध झाले नाही. मोटारसायकल प्रज्ञासिंह यांची होती हे सिद्ध झाले नाही. यूएपीएखाली खटला चालवायला जी सरकारी मंजुरी लागते तीच सदोष निघाली. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार द्या, असा आदेश दिला. आरोपी दोषीच होते असे मी म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. कोर्टाने त्यांना निर्दोष म्हटले आहे. सालियन यांची प्रतिक्रिया थोडक्यात अशी होती की हे अपेक्षितच होते. आपण दिलेला पुरावा, जो वरच्या न्यायालयांनी तेव्हा ग्राह्य धरला होता, तो शेवटी कोर्टापुढे आलाच नाही. तो गेला कुठे, असे त्यांनी विचारले.

आता नववीच्या त्या मुलाकडे येतो. निकालाच्या दहा दिवस आधी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल स्फोटांतल्या बारा जणांना निर्दोष सोडले होते. त्यातल्या पाच जणांना फाशीची शिक्षा झालेली होती आणि एकजण तर तुरुंगातच मेला होता. आपण त्या दिवशी शुकराना अदा केला. पुरावा पुरेसा नाही, संशय पुरेसा नाही, हेच तत्त्व दोन्हीकडे. एकदा आपण ते डोक्यावर घेतले आणि दहा दिवसांनी त्याच तत्त्वाने आपला घास अडकला. लोकल स्फोटांतही माणसे मेली होती, जवळजवळ एकशे नव्वद, आणि त्यांच्याही घरच्यांना अजून कोणी सांगितलेले नाही की बॉम्ब कोणी ठेवला.

फरक मला दुसरीकडे दिसतो. लोकल स्फोटांच्या निकालाविरुद्ध महाराष्ट्र सरकार दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि २४ जुलैला तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही असा आदेशही मिळाला. सरकारने अपील केले त्याला माझा आक्षेप नाही, तो त्याचा हक्कच आहे.

मालेगावच्या निकालाविरुद्ध सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयात अपील दाखल झाले, ते मृतांच्या कुटुंबीयांचे. २००९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पीडितांना असा स्वतंत्र हक्क मिळाला, नाहीतर त्यांना तेही करता आले नसते. उच्च न्यायालयाने एनआयएला आणि सुटलेल्यांना नोटिसा काढल्या. भिक्कू चौकातली ही माणसे आता मुंबईला येतात ती स्वतःचा वकील घेऊन.